मदत हवी आहे : दारू बंद केल्यावर मामांना भास झाले होते, आता माळ घालायची म्हणतात

नमस्कार. माझे मामा कराडजवळच्या एका गावात असतात. पन्नाशी ओलांडलेली, थोडा ऊस, दारात म्हशी. बरीच वर्षं रोज पितात. सकाळी उठल्यावर घेतली नाही तर हातातली कपबशी वाजते.

गेल्या श्रावणात त्यांनी स्वतःहून बंद केली. घरात केवढा आनंद! पहिल्या दिवशी थरथर, घाम, जेवण जाईना. मामी म्हणाली, सुटताना एवढा त्रास व्हायचाच. तिसऱ्या रात्री मात्र मामा अंगावरून किडे झटकायला लागले. किडे नव्हतेच. मग भिंतीतून माणसं येतायत म्हणून ओरडायला लागले, मामीला ओळखेनात, आणि दाराआडचा कोयता घेऊन अंगणात गेले. भावकीतल्यांनी धरून बाजेला बांधलं. कोणी म्हणालं बाहेरचं लागलंय, देवर्षी बोलावला, अंगारा झाला. सकाळी झटका आल्यावर दवाखान्यात नेलं. काही दिवसांत शुद्धीवर आले. त्या रात्रीचं त्यांना काही आठवत नाही. महिनाभराने पुन्हा सुरू झाली.

आता म्हणतात, आषाढीला पंढरपुरात माळ घालणार, त्यानंतर थेंब नाही. मनापासून म्हणतायत आणि मला त्यांना अडवायचं नाही. पण मामी घाबरली आहे. त्या घरात रात्री ती, माझी आजी आणि लहान नातू एवढेच असतात. मी पुण्यात. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत : सोडायची तर सुरक्षितपणे कशी? आणि तशी रात्र पुन्हा आलीच तर मामीने नेमकं काय करायचं?

दवाखाना :
मी तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करतो. ऐकून जे समजतंय ते सांगतो. मामांना प्रत्यक्ष डॉक्टरांनी बघायलाच हवं.

हे वेड नाही आणि बाहेरचंही नाही. रोजच्या दारूला सरावलेल्या मेंदूची दारू एकदम तुटली की तो भडकतो. थरथर, घाम, धडधड पहिल्या दिवसातच सुरू होते. झटके बहुधा पहिल्या ४८ तासांत येतात. भ्रम, म्हणजे नसलेलं दिसणं, माणूस न ओळखणं, हा साधारण ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान. म्हणून घरच्यांना वाटतं दोन दिवस निभावले, सुटलो, आणि नेमकी तिसरी रात्र अंगावर येते. उपचार नाही झाले तर यात माणूस जातो. ज्याला एकदा असं झालंय त्याला पुढच्या वेळी होण्याचा धोका जास्त, त्यामुळे मामांनी घरी एकदम बंद करू नये. नवस असला तरी.

मार्ग आहे. वारीच्या पुरेसं आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, गेल्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड न्या, आणि भरती होऊन दारू तिथे सोडू द्या. मेंदू शांत ठेवणाऱ्या गोळ्या देऊन हळूहळू कमी करतात, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. त्या गोळ्या मेडिकलमधून आणून घरी देऊ नका. दारूबरोबर पोटात गेल्या तर श्वास मंदावतो. आणि नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावून घरी पाठवत असतील तर बी-वन आधी दिलंय का ते विचारा. माळ त्यानंतर घालू दे, व्रत मोडणार नाही. भरतीची तारीख मिळेपर्यंत दारू लपवणं, कोंडून ठेवणं नको.

आणखी एक. अचानक बरळणं दरवेळी दारूमुळेच असेल असं नाही. साखर उतरणं, पडून डोक्याला लागलेला मार, ताप, यकृत बिघडणं, सगळं असंच दिसतं.

कृष्णाकाठ :
दादा, आमच्या ह्यांचं हे सगळं मी काढलंय, म्हणून मामींसाठी लिहिते.

कोयता, विळी, खुरपं आजच शेजारी नेऊन ठेवा. दिवा घालवू नका, अंधारात सावल्यांचीही माणसं होतात. बोलायचं एकानेच, हळू, नाव घेऊन : "अहो, मी आहे, आपण आपल्या घरात आहोत." किडे नाहीतच म्हणून वाद घालू नका, त्याने ते जास्त चिडतात. हो आहेत, असंही म्हणू नका. "तुम्हाला भीती वाटतेय, मी इथंच आहे," एवढं पुरे. कोणी हसायचं नाही. हात लावण्याआधी सांगायचं. मामींनी दाराच्या बाजूला उभं राहावं, म्हणजे त्यांनाही निघता येईल.

हातात हत्यार असेल तर हिसकवायला जाऊ नका. आजी आणि पोराला घेऊन बाहेर पडा आणि ११२ लावा. फोनवर "दारू सुटल्यामुळे भ्रम झालाय, आजारी माणूस आहे" असं आधी सांगा, म्हणजे येणारे त्या तयारीने येतात. नाहीतर १०८.

बाजेला बांधणं, पालथं दाबून धरणं, छातीवर बसणं, कधीच नाही. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा नको, कांदा-चप्पल हुंगवणं नको.

दवाखाना :
ताईंच्या शब्दाशब्दाशी सहमत. कायद्याचंही सांगतो, भावकीला समजावताना उपयोगी पडेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही धरले आहेत, आणि आणीबाणीत कोणताही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. "आधी मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी आणा" म्हणून कोणी परत पाठवलं तर हे सांगा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारहाण करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मध्यरात्री नुसतं विचारायचं असेल तर टेली-मानस, १४४१६, मराठीत बोलतात. पण भ्रम सुरू झाला असेल तर फोनवर वेळ न घालवता गाडी काढा.

धागाकर्ता :
दोघांचे मनापासून आभार. मामीला फोनवर सगळं वाचून दाखवलं. कोयता चुलतभावाकडे गेलासुद्धा. शेजारच्या दोघांना सांगून ठेवलंय, त्यातल्या एकाची जीप आहे. शेवटची दारू किती वाजता आणि किती घेतली ते मामी रोज वहीत लिहिणार आहे.

मामा भरती व्हायला अजून तयार नाहीत. म्हणतात, पांडुरंगावर विश्वास नाही का? गावातले ज्येष्ठ माळकरी त्यांचे मित्र आहेत. रविवारी जाऊन त्यांनाच समजावून सांगायला विनंती करतोय. सातारा-कराड भागात दारू सोडवण्यासाठी भरती करून घेणारं, रात्री डॉक्टर हजर असणारं ठिकाण कोणाला माहीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.