फॉर्म्युला २ : क्वालिफायिंगला दहावा, शर्यतीत पहिल्या जागेवर. हे कसं?

तिसरा_गिअर
२०२५ ला मोनॅकोत कुश मैनीने शनिवारची एफ-२ (एफ-१ च्या खालची पायरी) शर्यत पोलवरून, म्हणजे सर्वांत पुढच्या जागेवरून सुटून जिंकली. पण क्वालिफायिंगच्या (शर्यतीआधीच्या वेगाच्या चाचणीच्या) यादीत तो दहावा होता! सगळ्यांत वेगवान लॅप मारणाऱ्याला मागे ढकलायचं, हा अन्याय नाही का? शिवाय रविवारी काही गाड्या सहा-सात लॅपनंतर लगेच पिटमध्ये (टायर बदलायच्या जागेत) शिरतात, काही पार शेवटाला. यातलं गणित कोणी उलगडून सांगेल का?

पिटलेन
क्वालिफायिंग एकच, पण त्यावरून दोन ग्रिड (गाड्या सुटण्याचे क्रम) लागतात. शनिवारच्या स्प्रिंटला पहिले दहा उलटे उभे करतात, म्हणजे दहावा पहिला आणि पहिला दहावा. अकराव्यापासून मागे काही बदल नाही. रविवारच्या फीचर शर्यतीला क्रम जसाच्या तसा.

आता गुण बघा. स्प्रिंट जिंकली तर १०, आणि गुण फक्त पहिल्या आठांना. फीचर जिंकली तर २५, आणि गुण पहिल्या दहांना. पोलचे २ गुण वेगळे, ते खऱ्या पोलवाल्याच्या, म्हणजे क्वालिफायिंगमध्ये पहिल्या आलेल्याच्याच खात्यात. प्रत्येक शर्यतीत सर्वांत वेगवान लॅपला १ गुण, पण शर्यत पहिल्या दहात संपवली तरच. म्हणजे पोलवाल्याचं मोठं बक्षीस रविवारी शाबूतच असतं. शनिवारी त्याला गर्दीतून वाट काढून दाखवावी लागते, आणि एफ-१ संघांना नेमकं तेच बघायचं असतं. मला तरी यात अन्याय दिसत नाही.

मोनॅको मात्र अपवाद. तिथे ओव्हरटेक करणं जवळपास अशक्य, त्यामुळे दहावं येणाऱ्याला तिथे खरोखरच लॉटरी लागते. अर्थात त्या भिंतींमधून शेवटपर्यंत एकही चूक न करता पुढे राहणं सोपं नाही, मैनीचं श्रेय कमी होत नाही.

जुना_ट्रॅक
आधीची पद्धत याहून वाईट होती. जीपी-२ (एफ-२ चं आधीचं नाव) च्या काळात (२००५ ते २०१६) आणि नंतर एफ-२ मध्येही २०२० पर्यंत फीचर आधी व्हायची आणि तिच्या निकालातले पहिले आठ उलटे करून स्प्रिंटचा ग्रिड लागायचा. सातव्या नंबरवर असलेल्याला शेवटच्या लॅपला सहाव्याशी झुंजण्यात काय रस? आठवा आला तर दुसऱ्या दिवशी पोल! क्वालिफायिंगमध्ये असं ठरवून दहावं येता येत नाही, कारण तिथे शेजारच्या दोन गाड्यांत बऱ्याचदा सेकंदाच्या शतांशांचाच फरक असतो. २०२१ ला तीन-तीन शर्यतींचा प्रयोग झाला, तो फसला आणि २०२२ पासून सध्याची रचना आली.

नाव मात्र फार जुनं आहे. १९५२ आणि १९५३ ची जागतिक अजिंक्यपद स्पर्धाच एफ-२ च्या नियमांवर झाली, दोन्ही वर्षी इटलीचा ड्रायव्हर अस्कारी जिंकला. युरोपीय एफ-२ मालिका १९६७ ते १९८४. तिथे 'ग्रेडेड' म्हणजे वरच्या दर्जाचे ड्रायव्हर धावू शकत, पण त्यांना गुण मिळत नसत. एफ-१ चा माजी विजेता जिम क्लार्क १९६८ ला हॉकेनहाइमला अपघातात मरण पावला तो एफ-२ च्याच गाडीत. १९८५ ला एफ-३००० आली, २००५ ला जीपी-२, आणि २०१७ ला तिलाच पुन्हा एफ-२ नाव मिळालं.

रबर_आणि_रस्ता
पिटचं सांगतो. फीचरमध्ये टायर बदलायचा एक स्टॉप सक्तीचा आणि कोरड्या ट्रॅकवर टायरची दोन्ही कंपाउंड (रबराचे प्रकार) वापरणं बंधनकारक : प्राइम (कडक) आणि ऑप्शन (मऊ). पहिल्या सहा लॅपमध्ये घेतलेला स्टॉप धरत नाहीत. स्प्रिंटला स्टॉपची सक्ती नाही.

नेहमीचा डाव असा. ऑप्शनवर सुटायचं, सुरुवातीला पकड जास्त मिळते, मग सहा लॅप होऊन स्टॉपची खिडकी उघडताच प्राइम लावायचे. पण एफ-२ मध्ये टायर गरम करायची ब्लँकेट्स चालत नाहीत. थंड कडक टायर, ६२० अश्वशक्तीचं टर्बो इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग नाही, त्यामुळे पिटमधून निघाल्यावरचा पहिला लॅप जिवावरचा असतो. पहिल्या-दुसऱ्या वळणाला जरा लवकर थ्रॉटल दाबला की मागची चाकं घसरलीच. आधी थांबणाऱ्याने हा लॅप सांभाळला नाही तर नवीन टायरचा सगळा फायदा तिथेच संपतो.

दुसरा डाव उलटा. मागे सुटलेले प्राइमवर सुटतात, सगळे आत गेले की मोकळ्या ट्रॅकवर धावतात आणि शेवटच्या काही लॅपसाठी ऑप्शन लावतात. हे सेफ्टी कारची (अपघात झाला की सगळ्यांच्या पुढे येऊन वेग कमी करायला लावणाऱ्या गाडीची) वाट बघणारे. सेफ्टी कार मागे सगळे हळू चालतात म्हणून तेव्हाचा स्टॉप स्वस्तात पडतो; आधी थांबलेल्यांच्या हाती काही राहत नाही. व्हर्च्युअल सेफ्टी कारमध्ये (गाडी न आणताच सगळ्यांना वेग कमी करायला लावतात तेव्हा) घेतलेला स्टॉप मात्र सक्तीचा म्हणून धरत नाहीत, हे लक्षात ठेवा.

तिसरा_गिअर
आता कळलं, आभार! मग आपला मुंबईचा जेहान दारूवाला इतकं जिंकूनही एफ-१ ला का नाही गेला?

पिटलेन
त्याने २०२० ला साखीरची स्प्रिंट जिंकली, २०२२ ला मोंझाची फीचरही. पण एफ-१ च्या सुपर लायसन्सला (तिथे गाडी चालवायच्या परवान्याला) तीन हंगामांत ४० गुण लागतात, हे शर्यतीच्या गुणांहून वेगळे. एफ-२ च्या अंतिम क्रमवारीत पहिल्या तिघांना थेट ४०, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०, सातव्याला ८. चौथ्यानंतर आकडे कसे कोसळतात बघा. सुट्या शर्यती जिंकून भागत नाही, सबंध हंगाम पहिल्या तीन-चारांत टिकावं लागतं. आणि लायसन्स मिळालं तरी एफ-१ मध्ये जागा रिकामी हवी. २०२२ चा विजेता ड्रुगोविच पुढच्या वर्षी ॲस्टन मार्टिनचा राखीव ड्रायव्हर होता, आणि विजेत्याला परत एफ-२ खेळता येत नाही.