जिताडा पिंजऱ्यात वाढवाल, पण त्याला खायला तारली कुणाची?

खारेपाटकर
आमच्या पेण-अलिबागच्या खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत, जिताडा मासा पाळणं नवीन नाही. पावसाळ्यात भरतीच्या पाण्याबरोबर आत आलेली पिल्लं धरायची, घरामागच्या तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं विसरून जायचं. तळ्यातली कोळंबी न् बारीक मासे खाऊन तो आपला वाढतो. (मोठा झाला की भेट म्हणून कुठल्या साहेबाकडे पोचतो, ते रायगडवाल्यांना सांगायला नको.)

आता तोच जिताडा समुद्रातल्या नि खाडीतल्या पिंजऱ्यांत वाढवा म्हणतात. 2020 च्या मत्स्यसंपदा योजनेत समुद्रातल्या एका पिंजऱ्याचा खर्च पाच लाख धरलाय, सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान. अनुदानाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न खाद्याचा आहे. जिताडा मांसाहारी, पिंजऱ्यातला दुसरा मासा कोबिया, तोही मांसाहारी. एक किलो फिशमील (खाद्यात घालायचं मासळीचं पीठ) करायला तारलीसारखी चार-पाच किलो ओली मासळी लागते. खाद्य परवडत नाही म्हणून थेट ओली मासळीच टाकली, तर एक किलो जिताड्यामागे पाच-सहा किलो सहज जाते. म्हणजे स्वस्त मासे खपवून महाग मासा करायचा आणि त्याला 'उत्पादन वाढलं' म्हणायचं. मला हे पटत नाही.

पिंजरेवाला
साहेब, तुमचा हिशोब तळ्यातला आहे. मी चार वर्षं खाडीत पिंजरे लावतोय. ओली मासळी पहिल्या वर्षी टाकली, पाणी घाण झालं, मासे आजारी पडले, तेव्हापासून फक्त गोळी खाद्य. किलोमागे दोन किलोच्या आत बसतं. शिवाय जगातलं सुमारे एक तृतीयांश फिशमील आता मासे कापून उरलेल्या डोकी-काट्यांचं असतं. ते काय, तारली मारून आणलं का?
आणि समुद्रातली मासळी वाढणार आहे का? 2022 मध्ये जगात पहिल्यांदाच पाळलेले जलचर पकडलेल्यांपेक्षा जास्त भरले, 9.4 कोटी टन विरुद्ध 9.1 कोटी. सगळं जग येडं आहे का?

खारेपाटकर
त्या 9.4 कोटींत निम्म्याहून जास्त गोड्या पाण्यातले मासे आहेत, रोहू-कटला-गवत्या जातीचे. बाकीच्यात शिंपल्यांचा वाटाही मोठा. त्याचं श्रेय जिताड्याला कसं देता?

रापणीचो_दोर
माझो एकच मुद्दो. तारलो म्हणजे गरिबाचो इसवान (सुरमई). आमच्या रापणीक (किनाऱ्यार दोरान ओढूचा जाळा) तारले गावले की अर्धो गाव किनाऱ्यार येता. आता ट्रॉलरवालो बारको मासो पण ठेवता, कारण फिशमीलवालो घेता. पूर्वी कोणी घेय नसलो म्हणान तरी जाळ्याचे डोळे मोठे असत.

पिंजरेवाला
ते ट्रॉलरवाल्याचं पाप, माझ्या पिंजऱ्याचं कसं?

रापणीचो_दोर
गिराइक नसला तर विकतलो कोणाक?

बर्गेनची_सुनबाई
नॉर्वेतून लिहितेय. इथे 1990 च्या सुमाराला सालमनच्या खाद्यात जवळपास 90 टक्के मासळीचंच पीठ-तेल असायचं. आता पाऊण हिस्सा वनस्पतींचा, त्यात सोयाबीन भरपूर. म्हणजे मासळीचा ताण ब्राझीलच्या शेतांवर गेला. फुकट काहीच नसतं. पण खाद्य बदलता येतं हे मात्र खरं. इथली मोठी डोकेदुखी वेगळी आहे: सालमनच्या अंगावरच्या उवा. एका जागी लाखभर मासे कोंडले की त्या बाहेर मोकळ्या फिरणाऱ्या सालमनलाही लागतात. तुमच्या खाड्यांत पिंजरे दाटीवाटीने लागले तर काय होईल, हे आधीच विचारून ठेवा.

आकडेमोड्या
थोडं दुसऱ्या बाजूनं. तारली कमी झाली की लगेच फिशमीलवर खापर फोडतात. केरळात 2012 मध्ये जवळपास चार लाख टन तारली मिळाली, 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. मधल्या काळात एल निनो होता, पाणी तापलं होतं. तारली अशीही वर्षावर्षाला हेलकावे खाते, नंतर ती परतही आली. आणि पाळलेली कोळंबी नसती तर? 2023-24 मध्ये भारताच्या 60,500 कोटींच्या मासळी निर्यातीत 40,000 कोटींची गोठवलेली कोळंबी होती, तीही बहुतेक तळ्यातली.

खारेपाटकर
एल निनो मान्य. पण मासळी हेलकावे खाते, म्हणूनच वाईट वर्षी तिच्यावर भूक वाढवू नये ना? फिशमीलचा कारखाना एकदा उभा राहिला की त्याला दर वर्षी माल लागतो, तो एल निनो बघत नाही. आणि कोळंबीच्या 40,000 कोटींत आमच्या बाजारात दहाचे वाटे लावून बसणाऱ्या मावशीचा हिस्सा किती?

मी पालनाच्या विरोधात नाहीच. शिनाणे (एक जातीचे शिंपले) पाळा, कालवं पाळा. त्यांना खायला घालावं लागत नाही, पाण्यातलं गाळून खातात. सिंधुदुर्गात बायकांच्या बचत गटांनी हे केलंय. अनुदान तिकडे जास्त द्या.

पिंजरेवाला
शिनाण्याला मुंबईत भाव काय मिळतो ते सांगा आधी. हॉटेलवाला जिताडा मागतो. आणि पिंजरा पाच लाखांचा असला तरी पावसाळ्याआधी उचलावाच लागतो, नाहीतर वारं-लाटा घेऊन जातात. ऑक्टोबर ते मे एवढाच काळ हातात. त्यात महाग मासाच ठेवावा लागतो, हौस म्हणून नाही.

रापणीचो_दोर
आणि ऑक्टोबर ते मे हीच आमची रापणीची येळ. पिंजरे किनाऱ्याजवळ लावलास तर दोर खंय ओढूचो?

पिंजरेवाला
खाडीच्या आत लावतो, किनाऱ्यावर नाही. तुमच्या गावात कुठे लावलेत ते सांगा, मी येऊन बघतो.

रापणीचो_दोर
अजून लावूक नाय. कागद फिरतासत. या, तारले खावक घालतंय.