पीडीएफवाल्यांवर सरकारने दावे लावायचे? कशाला?

मिरजकर: काल इथे एकाने लिहिलं, लेखकाला कोर्ट परवडत नाही, तेव्हा पुस्तकांच्या पीडीएफ फिरवणाऱ्यांवर सरकारनेच भरपाईचे दिवाणी दावे लावावेत. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अमेरिकेत २००८ साली नव्या कायद्यात हेच कलम घालायचं घाटत होतं. विरोध कुणी केला? खुद्द तिथल्या न्याय खात्याने! आम्ही काय खाजगी मालकांचे फुकटचे वकील, असा त्यांच्या पत्राचा सूर होता. ते कलम गळालं, तेव्हा कुठे ऑक्टोबरात कायद्यावर राष्ट्राध्यक्ष बुशची सही झाली. भरपाई मालकाच्या खिशात, वकील मात्र आपल्या करातून?

शाईपेन: करातून पोलीस पोसताच की. आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे, २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र ठरवलाय. त्यापेक्षा दावा बरा नाही का? माझी कादंबरी पंधरा दिवसांत सोसायटीच्या ग्रुपवर आली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात स्कॅन करणाऱ्याचा अंगठा! खाली नमस्कारांची रांग. विकत एकानेही घेतली नाही.

कासव: अंगठ्याचं सोडा, प्रकाशकाने रॉयल्टी किती दिली? माझ्या वडिलांच्या पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या, हिशेब एकदाही नाही. त्याच्यावर लावणार का सरकार दावा?

शाईपेन: विषय काय, तुमचं चाललंय काय?

कासव: विषय हाच आहे. लेखकाला लुटतो कोण? आता ते पुस्तक छापतही नाहीत, आणि हक्क सोडतही नाहीत. मीच त्याची पीडीएफ वाटतो. लावा दावा माझ्यावर!

शाईपेन: म्हणजे तुमच्या घरचं रडगाणं, म्हणून माझ्या घरी चोरी माफ? वा!

खडूफळा: भांडा, पण दिल्ली विद्यापीठाजवळचं झेरॉक्सचं दुकान आठवा. पुस्तकांतली पानं झेरॉक्स करून विद्यार्थ्यांना विकतो म्हणून २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिजसकट तीन प्रकाशक त्याच्याविरुद्ध कोर्टात गेले. २०१६ मध्ये कोर्टाने दावा फेटाळला, मग अपील, शेवटी २०१७ ला त्यांनीच माघार घेतली. समोर सरकार असतं तर तो दुकानदार टिकला असता?

मिरजकर: आणि अमेरिकेत इंटरनेटवर वाटलेल्या २४ गाण्यांपायी एका बाईवर २ लाख २२ हजार डॉलर बसले होते २००७ मध्ये. तो दावा कंपन्यांचा होता. सरकार उतरलं तर बघायलाच नको.

शाईपेन: बरं बाबा, सरकार नको. मग मी वकील करते आणि फी भरायला आणखी एक कादंबरी लिहिते. तीही फुकट वाचा.

कासव: ताई, चिडू नका, मघाशी जास्तच बोललो. वडिलांचा करारनामा आत्ता सापडला. ‘हिशेब मार्चअखेर देण्यात येईल.’ कुठल्या सालचा मार्च, ते लिहिलेलं नाही.