अनुभव धागा: नोकरी गेल्यावरचे हक्काचे पैसे अडकले, नामंजूर झाले, तेव्हा काय केलंत? (नाशिक परिसर)

नमस्कार. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, जिथे कुठे काम करत होतात आणि ते सुटलं, त्यानंतर मिळायला हवेत ते पैसे ज्यांचे लटकले, त्यांच्यासाठी हा धागा आहे. ईएसआयसीचा (कामगार राज्य विमा) बेकारीतला क्लेम असो, पीएफ असो, रोजगार हमीचा भत्ता असो. कुठे अडलं, कुठल्या कागदाने सुटलं आणि तोवर घर कसं चाललं, तेवढं सविस्तर लिहा. कंपनीचं, ठेकेदाराचं, साहेबांचं नाव नको. विमा नंबर, आधार नंबर तर अजिबात टाकू नका.

कितीतरी जणांना अजून माहीत नसतं की ईएसआयसी कापला जात असेल तर बेकारीतही रक्कम मिळते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना १ जुलै २०१८ ला सुरू झाली. आधी रोजच्या सरासरी कमाईच्या २५ टक्के मिळायचे, कोविडच्या काळात ते ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवसांचे, आणि आयुष्यात एकदाच. महिना १५ हजार पगार असेल तर सगळे मिळून साधारण २२ हजार होतात. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, तेव्हा अर्ज करण्याआधी सध्या कुठपर्यंत आहे ते बघून घ्या.

नवऱ्याचा क्लेम अडकला त्यातून मी हे शिकले, आता गल्लीतल्या लोकांचे अर्ज भरून देते. माझं म्हणणं एवढंच आहे की "प्रोसेसमध्ये आहे" हे उत्तर ऐकून घरी यायचं नाही. नेमकी कुठली नोंद अडवतेय ते विचारायचं, लेखी विचारायचं, आणि आपल्या अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्यायचा. त्या शिक्क्याशिवाय पुढे अपीलात सांगायला आपल्या हातात काहीच राहत नाही.

सिडको, त्रिमूर्ती चौक. प्रेस शॉप ऑपरेटर

अंबडला गाड्यांचे पार्ट करणाऱ्या एका व्हेंडरकडे होतो. ऑर्डर कमी झाल्या, आधी तिसरी शिफ्ट बंद केली, मग आम्हा काही जणांना केबिनमध्ये बोलावून छापील कागद पुढे सरकवला. "वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे." खाली फक्त नाव आणि सहीची जागा मोकळी. सही केली तर हिशोब आजच, नाहीतर नंतर बघू. मी सही केली नाही. माझ्या शेजारच्या मशीनवरच्याने केली, त्याच्या घरी बाळंतपण तोंडावर आलं होतं. त्याला कोण काय बोलणार?

नियमाप्रमाणे ३० दिवस थांबून क्लेम ऑनलाइन टाकला, प्रिंटवर सही करून शाखा कार्यालयात दिली. यासाठी कंपनीच्या सहीशिक्क्याची गरज नाही, क्लेम आपण थेट देऊ शकतो, हे लक्षात ठेवा. पूर्वी ॲफिडेव्हिटही लागायचं, ते नोव्हेंबर २०२० मध्ये काढून टाकलं. तरीही कुणी मागितलं तर हे सांगा.

आधी बरेच दिवस काहीच कळेना. मग नामंजूर. कारण काय, तर स्वेच्छेने नोकरी सोडली! खोदून विचारल्यावर उलगडा झाला. कंपनी दर महिन्याची विम्याची वर्गणी भरते तेव्हा ज्याचे कामाचे शून्य दिवस दाखवायचे त्याच्यापुढे एक कारण निवडावं लागतं. त्या यादीत 'लेफ्ट सर्व्हिस' (नोकरी सोडली) असतं, 'रिट्रेंचमेंट' (कंपनीने कमी केलं) असतं, 'नो वर्क'ही असतं. माझ्यापुढे 'लेफ्ट सर्व्हिस' निवडलेलं. राजीनामा दिलेला नसताना कॉम्प्युटरवर मी स्वतःहून गेलेला माणूस झालो होतो, आणि स्वतःहून गेलेल्याला ही योजना लागू नाही.

माझ्याकडे सुपरवायझरचा मेसेज होता, "उद्यापासून येऊ नका, काम आलं की कळवतो." त्याची प्रिंट, शेवटची पगार स्लिप, बँक स्टेटमेंट जोडून वरच्या कार्यालयाला फेरविचाराचा अर्ज दिला. "राजीनामा दिलेला नाही, असल्यास कंपनीने माझ्या सहीचा कागद दाखवावा" हे एकच वाक्य मी ठळक लिहिलं होतं. कामगार कार्यालयातही तक्रार टाकली. कंपनीला विचारणा गेली, त्यांच्याकडे कागद नव्हताच. शेवटी त्यांनी काम कमी झाल्याने कमी केल्याचं पत्र दिलं आणि क्लेम पुन्हा उघडला. दिवाळीच्या तोंडावर गेलेली नोकरी, पैसे आले गुढीपाडवा उलटून गेल्यावर.

आणखी एक. ज्या दिवसांचे पैसे मागतो त्या दिवसांत आपण खरंच बेकार असायला हवं. कुणी म्हणेल, मग तीन महिने खायचं काय? बायकोच्या शिवणकामावर खाल्लं. किराणावाल्या काकांनी वही बंद केली नाही. गावाकडून बाजरी आली. घरभाडं मात्र थकलं, ते क्लेमच्या पैशातूनच गेलं.

श्रमिकनगर, सातपूर. पॅकिंग विभाग, ठेकेदाराकडे

दादांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे कारण वेगळं होतं.

कंपनी तीच, टेबल तेच, पण ठेकेदार बदलला. नव्या ठेकेदाराने जुना विमा नंबर न घेता माझा नवाच काढला. मला ते माहीत व्हायचं कारणच नव्हतं, पगारातून पैसे कापले जात होतेच. काम सुटल्यावर क्लेम टाकला तर "दिवस भरत नाहीत."

अट अशी आहे: काम सुटण्याआधी दोन वर्षं विमा हवा. शेवटच्या वर्गणी काळात वर्गणी भरलेले ७८ दिवस हवेत, आणि त्याआधीच्या तीन वर्गणी काळांपैकी कुठल्याही एकात ७८ दिवस. वर्गणी काळ म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. माझे दिवस दोन नंबरांत वाटले गेले होते, म्हणून दोन्हीकडे अपुरे दिसत होते. दोन्ही नंबर एक करा म्हणून अर्ज दिला, आधार आणि दोन्हीकडच्या पगार स्लिपा जोडल्या. त्यातही दोन महिन्यांची वर्गणी जुन्या ठेकेदाराने भरलेलीच नव्हती. तो फोन उचलेना. तेव्हा युनियनच्या एका काकांनी सांगितलं, ठेकेदाराने नाही भरलं तर मूळ कंपनीची जबाबदारी असते, कायद्यात तसं आहे. मग कंपनीच्या नावाने अर्ज, प्रत विमा कार्यालयाला, दोन्हींवर पोच. वर्गणी जमा झाली आणि क्लेमही सुटला. पण त्यात अख्खा उन्हाळा गेला.

स्लिपा जपून ठेवा, बायांनो. मी त्या पिठाच्या डब्यामागे एका पिशवीत ठेवत होते. ठेकेदाराच्या माणसाने "कशाला पाहिजे स्लिप, पैसे मिळाले ना" म्हणून टाळलं तरी मागून घ्यायच्याच.

काम सुटल्यावर सगळ्यात मोठा घोर मुलाच्या फिटच्या गोळ्यांचा होता. शेजारणी म्हणाल्या, आता विम्याचं कार्ड बंद, औषधं बंद. तसं नसतं. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत लाभ देते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबर. गोळ्या चालू राहिल्या. घर सासूबाई आणि जाऊबाईंनी ओढलं, मोहाडीकडे द्राक्षाच्या थिनिंगला जायच्या, पहाटेच्या पिकअपने. त्यांच्या बोटांना डिंक आणि औषधाचा काळा थर बसायचा, लिंबाने घासूनही निघायचा नाही.

पाथर्डी फाटा

माझं थोडक्यात. क्लेम मंजूर, पैसे पाठवले असा मेसेज, खात्यात काही नाही. माझी बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाल्याने आयएफएससी बदलला होता, नोंदीत जुनाच. रक्कम परत गेलेली. नवं पासबुक आणि रद्द केलेला चेक दिल्यावर पुन्हा पाठवली. अर्जाआधी पासबुकावरचा कोड एकदा ताडून बघा.

एक प्रश्न, नाव नको

मी त्या छापील राजीनाम्यावर सही केलेली आहे. मला आता काहीच मार्ग नाही का?

उत्तर, धागा काढणारी

भाऊ, आशा सोडू नका, पण सोपं आहे असंही खोटं सांगणार नाही. एकाच दिवशी, एकाच मजकुराचे, एकाच हस्ताक्षरात तारीख टाकलेले राजीनामे अनेकांकडून घेतले असतील तर तोच पुरावा होतो. ज्यांनी ज्यांनी सही केली त्यांनी एकत्र येऊन कामगार कार्यालयात जायचं, एकेकट्याने नाही. जाण्याआधी युनियनच्या किंवा कामगारांची कामं बघणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. आणि पीएफवर राजीनाम्याचा परिणाम होत नाही, ते पैसे तुमचेच आहेत.

सुरगाणा तालुक्यातला एक पाडा

आमच्याकडे कंपनी नाही, रोजगार हमी आहे. तीही महाराष्ट्रानेच आधी आणली, १९७२ च्या दुष्काळात, कायदा १९७७ चा. पुढे २००५ च्या मनरेगा कायद्यात लिहिलं होतं की मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम नाही दिलं तर बेकारी भत्ता द्यायचा. पहिले ३० दिवस मजुरीच्या किमान पाव हिस्सा, नंतर किमान अर्धा.

भात निघाला की आमच्याकडे हाताला काम नसतं. रोजगार सेवकाला तोंडी सांगायचो, तो म्हणायचा, वर कळवलंय. काम यायचं नाही, भत्ता तर कुणी ऐकलेलाही नव्हता. अर्ध्या पाड्याने पोरं-बाळं घेऊन निफाडला, दिंडोरीला बागांवर जायचं, शाळा बुडायची. नंतर संघटनेच्या ताईंनी सांगितलं, तोंडी मागणीचा हातात पुरावा राहत नाही. काम मागणीचा नमुना ४ भरा आणि नमुना ५ची तारखेची पोच घ्या. आम्ही सगळे मिळून ग्रामपंचायतीत बसलो. पोच द्यायला कां-कूं झाली. "तारीख नंतर टाकतो" म्हणाले. आम्ही उठलोच नाही, बायका पुढे होत्या. शेवटी तारखेसकट पोच मिळाली.

पंधरा दिवस भरायच्या आत बांधबंदिस्तीचं काम निघालं. भत्ता कुणालाच मिळाला नाही, पण मागायची वेळही आली नाही. एरवी 'मंजुरी नाही' म्हणणाऱ्यांना मंजुरी लगेच मिळाली. मजुरी मात्र उशिरा आली. हजेरीपत्रक बंद झाल्यावर १५ दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या दर दिवसाला ०.०५ टक्के भरपाई होती. रुपयांत ती चिल्लरच, पण अर्जात मागितली की उशीर कुणाच्या टेबलावर झाला ते त्यांना लिहावं लागतं. मला त्या पैशांपेक्षा ते लिहिलेलं हवं होतं.

सिन्नर, वडिलांसाठी लिहितोय

मुसळगावची कंपनी बंद पडली, मालक पुण्याला गेला. वडिलांचं नाव कंपनीच्या मस्टरला 'बाळू', आधारला 'बाळासाहेब'. तेवढ्यावर पीएफचा दावा पुन्हा पुन्हा परत. नाव दुरुस्तीला तेव्हा कंपनी आणि कामगार दोघांचं संयुक्त घोषणापत्र लागायचं, आणि कंपनीच्या गेटला तर कुलूप! कंपनी बंद असेल तर राजपत्रित अधिकाऱ्याच्या साक्षांकनाने ते चालतं, ही माहिती मिळायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला. नोकरी सोडल्याची तारीखही भरलेली नव्हती. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने गेले की ती आपण स्वतः पीएफच्या युएएन पोर्टलवर टाकू शकतो. ते मी मोबाइलवरच केलं.

नोकरी ५ वर्षांपेक्षा कमी आणि रक्कम ५० हजारांच्या वर असेल तर पॅन जोडलेलं आहे ना ते बघा, नाहीतर टीडीएस जास्त कापतात.

वडील चिडायचे ते पैशासाठी नाही. "एवढी वर्षं हजेरी लावली ती बाळूनेच ना?" हे ते प्रत्येक खिडकीवर विचारायचे. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं.

नाशिकरोड. निवृत्त, कार्यालयीन कामाचा अनुभव

मुलांनो, टेबलाच्या पलीकडे बसलेला असल्यामुळे सांगतो. फाइल माणसाला घाबरत नाही, तारखेला घाबरते. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली आणि "निवारण झाले" असा शेरा मारून ती बंद केली, तर तिथेच सोडू नका. बंद झाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं, आणि ते वरचा अधिकारी वाचतो.

माहिती अधिकार वापरा. फी १० रुपये. "माझा क्लेम का अडला?" असं विचारू नका, त्याला "कारणे देणे बंधनकारक नाही" असं उत्तर येतं. असं लिहा: "माझ्या दाव्यावर आजपर्यंत कोणत्या तारखेस कोणत्या पदावरील अधिकाऱ्याने काय शेरा नोंदवला, त्या नोंदींच्या प्रती द्याव्यात." ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला केंद्रीय कार्यालयात फी नाही. बऱ्याचदा अर्ज पोचल्यावरच फाइल हलते. पीएफचंही तसंच. १९५२ च्या योजनेत दावा २० दिवसांत निकाली काढायची मुदत आहे, विनाकारण उशीर केला तर १२ टक्के व्याज, तेही अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल करता येईल असं. तो परिच्छेद ७२ अर्जात नमूद करा. ईएसआयच्या वादात शेवटचा मार्ग कामगार विमा न्यायालयाचा आहे, पण तिथे जायला तीन वर्षांची मुदत असते, फार थांबू नका.

खिडकीवरच्या कारकुनावर आवाज चढवू नका. अर्ज नम्र लिहा, मागणी नेमकी लिहा.

धागा काढणारी

काका, तो मजकूर मी उतरवून घेतला, उद्याच्या दोन अर्जांत तसाच घालतेय. राजीनाम्याचं विचारणाऱ्या भाऊंनी आणि त्यांच्यासोबत सही केलेल्यांनी निरोप ठेवा. सगळ्यांच्या कागदांच्या तारखा एका तक्त्यात मांडून देते, मग वकिलाकडे एकत्रच जाऊ. गोंद्याकडून, इगतपुरीकडून अजून कुणी लिहिलेलं नाही. तिकडचं कुणी वाचत असेल तर लिहा.