गृहज्योतीत झिरो बिल येत होतं, अचानक 1,612 रुपये आलंय, काय करावं?

पुण्यातला_खानापूरकर
मंडळी, गाव कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, आई एकटीच घरी असते, मी पुण्यात. 2023 ला गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची मोफत विजेची योजना, चालू झाली तेव्हाच गावातल्या ग्राम वन सेवा केंद्रात जाऊन रजिस्टर केलं होतं, तेव्हापासून बिल झिरो, कधीमधी साठ-सत्तर रुपये यायचे ते आई देऊन टाकायची. या महिन्यात एकदम 1,612. घरात दोन पंखे, एक फ्रिज, टीव्ही आणि मिक्सर, बस. गीझर नाही, आई अजून चुलीवरच पाणी तापवते. बिलाचा फोटो मागवला पण सगळं कन्नडमध्ये, मी मराठी शाळेत शिकलेला, वाचता येतंय ते फक्त आकडे. 213 असा एक आकडा आहे, ते युनिट असावेत. आई ऑफिसला जाऊन आली, तिथं सांगितलं म्हणे मीटर बरोबर आहे, पुढचं कायतरी कन्नडात बोलले ते तिला कळलं नाही, ती तशीच परत आली. मी इथून 1912 फिरवला तर फोन लागला महावितरणला, त्यांनी विचारलं ग्राहक क्रमांक सांगा, मी म्हटलं साहेब राज्यच वेगळं आहे. मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, ते 2011 ला वारले, त्यामुळे योजना बंद झाली असेल का? आणि बिल नाही भरलं तर लाईन कट करतील का? आई लई घाबरलीय.

लाईटगेली_बेळगाव
योजना बंद झालेली नाही, 200 च्या वर गेलाय, एवढंच.
बघ की, गृहज्योती म्हणजे सगळ्यांना 200 युनिट फुकट असं नाही, ही गल्लत अर्ध्या बेळगावची आहे. तुमची 2022-23 ची महिन्याची सरासरी काढली, त्यात 10 टक्के मिळवले, तेवढे युनिट तुमचे. समजा सरासरी 58 होती तर साधारण 64. त्याच्या वर गेलं पण 200 च्या आत राहिलं तर फक्त वरच्या युनिटचे पैसे, तुझे ते साठ-सत्तर रुपये म्हणजे हेच. आणि 200 ओलांडले की त्या महिन्यात अख्खं बिल, पहिल्या युनिटपासून, वर फिक्स्ड चार्ज आणि टॅक्स. म्हणजे 198 आले असते तर 134 युनिटचे दिले असते, 213 आले म्हणून 213 चे. पुढच्या महिन्यात खाली आला की परत पहिल्यासारखं.
बाकी आजोबांचं नाव वगैरे वेगळा विषय आहे, त्याचा या बिलाशी संबंध दिसत नाही.

मलप्रभाकाठ
कन्नड येत नसलं तरी बिल वाचता येतंय रे, दहा-बारा शब्द तर आहेत. माझ्या सासूबाईंना मी कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवून दिलेत, आता त्याच शेजाऱ्यांची बिलं वाचून देतात. बळके म्हणजे वापर. हिंदिन म्हणजे मागचं, त्याच्यापुढचा आकडा मागचं रीडिंग. निगदित शुल्क म्हणजे फिक्स्ड चार्ज. तेरिगे म्हणजे टॅक्स. ओट्टु म्हणजे एकूण. ठेवणी म्हणजे डिपॉझिट, ही ओळ वर्षातनं एकदा उगवते, तुमचा वापर वाढला की डिपॉझिट पण वाढवून मागतात, लोक त्याला बिल वाढलं म्हणून बोंब मारतात. आणि बाकी म्हणजे बाकीच, तिथं दोन्ही भाषांचं एकमत आहे 😄
फोटोत बाकी आणि ठेवणीपुढं काय आहे ते बघ आधी. आर आर नंबर (कनेक्शनचा नंबर) झाकून इथं टाकलास तरी चालेल, मी वाचून सांगते.

सीमाभाग_जिंदाबाद
हेच तर म्हणतोय, जिथं 15 टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्याक आहेत तिथं सरकारी कागद त्यांच्या भाषेत पण मिळायला पाहिजेत, हे केंद्रानं कधीच मान्य केलंय. मग बिल मराठीत का नाही?? खानापुरात मराठी माणूस 15 टक्के आहे काय फक्त?

लाईटगेली_बेळगाव
बरोबर आहे तुमचं पण तो धागा वेगळा आहे आणि 400 कमेंटा झाल्यात त्यावर. इथं त्याच्या आईचं बिल बघूया आधी.

वायरमनचा_पोर
वडील 31 वर्षं लाईनमन होते, त्यामुळे दोन गोष्टी सांगतो.
पहिली, घाबरायचं काम नाही. लाईन अशी झटक्यात कट करता येत नाही. 2003 च्या वीज कायद्यात कलम 56 आहे, पूर्ण 15 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. बिलावर वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीएवढी रक्कम, यातली जी कमी असेल ती तक्रार राखून भरायची, वाद मिटेपर्यंत तोडता येत नाही. फक्त तोंडी सांगू नका, अर्ज लिहा, मराठीत लिहिला तरी लिहा, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का नसला तर तुम्ही गेलाच नव्हता असं समजायचं. तिथं नाही झालं तर जिल्ह्याला ग्राहक तक्रार निवारण मंच आहे, त्याच्या वर बेंगळूरला लोकपाल. वकील लागत नाही.
दुसरी, त्या सगळ्याच्या आधी पाच मिनिटांचं काम करा. आईला सांगा घरातला मेन स्विच बंद कर आणि मीटरवरची लाल लाईट बघ. ती लाईट वापराप्रमाणे लुकलुकते, मीटरवरच लिहिलेलं असतं एका युनिटला किती वेळा, 3200 का किती ते. मेन बंद केल्यावर ती थांबली पाहिजे. नाही थांबली तर एकतर मीटरमध्ये दोष आहे, मग टेस्टिंगचा अर्ज करा, नाहीतर मीटर आणि मेनच्या मधून कोणीतरी वायर ओढलीय. बाबा म्हणायचे दहा तक्रारीतल्या आठ वेळा मीटर खरं बोलत असतं.

पुण्यातला_खानापूरकर
बाकी शून्य, ठेवणी शून्य, मलप्रभाकाठ ताई थँक्यू, आयुष्यात पहिल्यांदा बिल वाचलं. मीटरचं आज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बघतो.

संकेश्वरी
मध्येच घुसतो. आमच्या हुक्केरी तालुक्यात वीज कंपनीची नाही, सोसायटीची आहे हे खानापूरवाल्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. हुक्केरी ग्रामीण वीज सहकारी संघ, 1969 चा. त्या वेळी देशात अशा पाच सोसायट्या प्रयोग म्हणून काढल्या होत्या, महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा त्यातलीच. मुळा-प्रवराचं 2011 ला संपलं, आमची चालू आहे. आम्ही ग्राहक पण आणि सभासद पण, निवडणूक लागली की डांबावरच्या बल्बचं पण राजकारण होतंय 😅
काम एवढ्यासाठी की गृहज्योतीच्या फॉर्मवर कंपनी निवडायची असते तिथं हुक्केरी वेगळी आहे. माझ्या मेव्हण्यानं दुसरीच निवडली आणि खातं सापडत नाही म्हणून दोन दिवस डोकं धरून बसला. तुझं घर खानापुरात म्हणजे तुला हा प्रश्न नाही, पण वाचणाऱ्याला उपयोग होईल.

पुण्यातला_खानापूरकर
वायरमनचा पोर, तुमचे बाबा देव आहेत.
मेन बंद केला, घरात अंधार, आणि लाल लाईट टिक टिक टिक चालूच. आईला म्हटलं मोबाईल वर धर, मीटरच्या मागं बघ, तर मीटरच्या खालून एक पिवळी वायर निघून पत्र्याखालनं सरळ काकांच्या अंगणात. काकांचं नवीन घर चाललंय शेजारी. आई म्हणते अगं बाई ती होय, ती तर शिमग्यापासून आहे, काकांनी विचारलं होतं आठ दिवस वायर घेऊ काय, मी घे म्हटलं. आठ दिवसांचे दीड महिना झाला. तिथं स्लॅबवर पाणी मारायची मोटर, फरशी कापायचं मशीन, आणि रात्री सामान चोरीला जाऊ नये म्हणून अंगणात हॅलोजन, रात्रभर. गेल्या महिन्यात रीडिंग घेतलं तेव्हा काम नुकतं चालू झालं होतं म्हणून कळलं नाही.
आता आई म्हणते काकांना काय बोलू नको, भाऊबंदकी आहे, सोळाशे रुपये गेले तर गेले.

मलप्रभाकाठ
हॅलोजन रात्रभर 🤦‍♀️ 500 वॅटचा असला तर दोन तासाला एक युनिट. रात्रीचे दहा तास धरले तर पाच युनिट रोज, महिन्याचे दीडशे. तिथंच गेलं सगळं. आत्ता या मिनिटाला पण तुझं मीटर भिंगरीसारखं फिरूलालंय बघ.

वायरमनचा_पोर
पैशाचं तुम्ही घरात बघा, पण वायर आजच्या आज काढा, आणि ती मेनच्या आधी जोडलीय म्हणजे आईनं किंवा काकांनी हात लावायचा नाही, तिथं मेन बंद करून पण करंट असतो. लाईनमनला बोलवा.
आणि हे नुसतं बिलाचं नाही. घरगुती मीटरवरून बांधकामाला वीज देणं म्हणजे मंजूर कामाशिवाय दुसऱ्याच कामाला वापर, त्याच कायद्याचं कलम 126. तपासणीला कोण आलं तर दुप्पट दरानं लावतात, आणि ते नुसतं काकांना नाही, ज्याचं मीटर त्याला पण लागू शकतं. म्हणजे तुमच्या आजोबांना. बांधकामाला टेंपररी कनेक्शन मिळतं, काकांना तेच घ्यायला सांगा.

लाईटगेली_बेळगाव
आता गावाला जाशीलच तर मीटर आईच्या नावावर करून घे एकदाचं. आजोबांचा मृत्यूचा दाखला, वंशावळ, पंचायतीचा फॉर्म 9 आणि 11 (घराचे उतारे), आणि बाकीच्या वारसांची संमती. संमतीवर सही काकांची पण लागणार, म्हणून भांडण त्याच्या नंतर कर, आधी नको.

पुण्यातला_खानापूरकर
😂😂 हे कोणी सुचवलं नसतं.
काकांना मीच फोन केला. पैशाचं बोललोच नाही, 126 चं सांगितलं, दुप्पट शब्द ऐकल्यावर म्हणाले अरे मला कुठं माहीत, उद्याच लाईनमनला सांगतो. अर्ध्या तासानं आईचा फोन, काकू येऊन 1,000 रुपये आणि घरच्या काजूची पिशवी ठेवून गेल्या. आईनं पैसे परत दिले, काजू ठेवून घेतले.

संकेश्वरी
बिल कोणी भरलं मग?

पुण्यातला_खानापूरकर
मी. फोनपे वरून, आत्ताच.