बिअर, वही आणि न सुटणारं गणित: तुमचे अनुभव लिहा

हातचा_एक

परवा भाचीनं एका गणिताचा फोटो पाठवला. खाली एवढंच, "मामा, हे फिरून फिरून तिथंच येतंय." गणित बघितलं आणि खरं सांगतो, नाकात बिअरचा वास आला. ई टू द एक्स कॉस एक्स, इंटिग्रल काढा.

कॉलेजचं दुसरं वर्ष. सकाळी गृहपाठ द्यायचा होता, रूममेट घोरत होता, आणि मी शहाणपणा करून एक बाटली उघडून बसलो. डोकं शांत राहील म्हणे. बाय पार्ट्स (गुणाकाराचं इंटिग्रल तुकड्यांनी काढायची रीत) लावलं, कॉसचा साइन झाला. परत लावलं, साइनचा कॉस झाला आणि समोर पुन्हा तेच मूळचं इंटिग्रल! दीड पान चालून आपल्याच दारात. चुकलं असणार म्हणून खोडलं. पुन्हा केलं, पुन्हा दारात. बाटली निम्मी झाल्यावर तिसऱ्यांदा बसलो, तेव्हा दुसऱ्या पायरीला ई टू द एक्स उलटीकडून धरला आणि सगळंच्या सगळं एकमेकांत कटलं. हातात राहिलं ० = ०. त्यात चूक काढायला जागाच नव्हती. मी त्याला चौकट केली, खाली "सिद्ध" लिहिलं आणि उरलेली अर्धी बाटली विजयात संपवली.

पहाटे रूममेट पाणी प्यायला उठला. वहीत डोकावला. म्हणाला, "अरे तेच परत आलंय ना, मग तेच हवंय. वजा चिन्हासकट आलंय. डावीकडे ने, दोनानं भाग, झोप." आणि स्वतः झोपला.

काल माळ्यावरून ती वही काढली. बाटलीच्या बुडाचं पिवळट कडं नेमकं त्या ० = ० भोवती उमटलंय. तपासणाऱ्यानं चुकीला गोल केल्यासारखं. तर असं काही तुमच्याकडे असणारच. येऊ द्या.

रातकिडा

"डावीकडे ने, दोनानं भाग, झोप." हे मी भिंतीवर लिहून लावणार आहे. ऑफिसातल्या निम्म्या भानगडी यात बसतात.

गोगलगाय

वही इतकी वर्षं टिकली कशी? माझ्या सगळ्या वह्यांना कसर लागली. आणि बिअर सांडूनही अक्षर वाचता येतंय म्हणजे शाई कुठली होती? सहज विचारते.

पोक्त_पेन्सिल

माझं स्टॅटिस्टिक्स. पाच नमुने दिलेले, सरासरी बदलली का ते ठरवा. बिअरचा पहिला घोट आणि मी झोकात १.९६ टाकून मोकळी. दर वेळी उत्तर "बदलली". मागच्या पानावरचं उत्तर "सांगता येत नाही". एकच गणित चार वेळा केलं, बेरजा तपासल्या, वर्ग तपासले. बाटली संपली तेव्हा टेबलचं शीर्षक वाचलं. मी नॉर्मलचं (भरपूर नमुन्यांसाठीचं) टेबल बघत होते, हवं होतं टी चं (मोजक्या नमुन्यांसाठीचं). पाच नमुने म्हणजे डिग्रीज ऑफ फ्रीडम एक कमी, चार, आकडा २.७७६. कुठे १.९६ आणि कुठे २.७७६!

खरी गंमत नंतर कळली. ही टी टेस्ट काढणारा विल्यम गॉसेट डब्लिनला गिनेसच्या बिअर कारखान्यात नोकरीला होता. बार्ली तपासायची तर हाताशी मोजकेच नमुने, आणि तेवढ्यावरून निर्णय घ्यायचा. म्हणून त्यानं लहान नमुन्यांचं गणित बसवलं. कंपनी स्वतःच्या नावानं छापू देईना, म्हणून १९०८ साली "स्टुडंट" या टोपणनावानं छापलं. म्हणजे मला रडवणारं गणित आणि डोळे पुसायला घेतलेली बाटली, दोन्ही एकाच घरातले निघाले.

रातकिडा

पोक्तताई, सासर आणि माहेर एकच की!

पोक्त_पेन्सिल

आणि दोन्हीकडे माझीच परीक्षा :D

कंस_पूर्ण

कॅनवाले कुणी आहेत का? मला मॅक्सिमा मिनिमाच्या गृहपाठात असंच एक होतं: भरलेला कॅन, वरून बिअर कमी होत जाते, तर गुरुत्वमध्य सर्वांत खाली कधी असेल. भरलेला असताना मध्यावर. पूर्ण रिकामा झाल्यावर परत मध्यावर. म्हणजे मधे कुठेतरी खाली जाऊन वर येतो. मी डेरिव्हेटिव्ह काढायला घेतलं, भागाकाराचा नियम, खाली वर्ग, सगळं पसरलं, कंस बंदच होईनात. (नावावर जाऊ नका.)

मग वैतागून खरा कॅन आणला. प्रत्येक घोटानंतर टेबलावर ठेवून बोटानं हळूच कलंडवून बघायचा. पहिल्या दोन घोटांत काही कळलं नाही. अर्ध्याच्या खाली गेल्यावर मात्र तो बसायला लागला, ढकलला की परत जागेवर. तळाशी जेमतेम दोन बोटं उरली तेव्हा सगळ्यांत हट्टी. आणखी एक घोट घेतला तर पुन्हा उनाड. तिथं ट्यूब पेटली: पातळी गुरुत्वमध्याच्या वर असेल तर वरची बिअर काढली की मध्य खाली जातो. पातळी त्याच्या खाली गेली की खालचंच वजन कमी होतं, मध्य वर सरकतो. म्हणजे सगळ्यांत खाली केव्हा? पातळी आणि गुरुत्वमध्य एकाच रेषेत येतात तेव्हा. डेरिव्हेटिव्हची गरजच नाही. १५ ग्रॅमचा कॅन आणि ३३० मिली बिअर धरली तर साधारण सहावा हिस्सा उरतो तेव्हा.

सरांनी मार्क दिले नाहीत. "पायऱ्या दाखवा." आता घोट कसे दाखवणार?

चष्मिष्ट

कंसराव, आत्ता हातात कॅन आहे. करून बघतो.

चष्मिष्ट

सांडली.

कंस_पूर्ण

किती उरली होती?

चष्मिष्ट

सहाव्या हिश्श्यापेक्षा बरीच जास्त. आता नाही. बायको फडकं घेऊन आलीये, नंतर बोलू.

नुसतीच_वाचक

बाळ झोपलंय तोवर घाईत लिहिते. एरवी नुसतीच वाचते.

नोकरी करता करता पुन्हा शिकायला घेतलं, लिनिअर अल्जिब्रा. तेव्हा बाळबिळ काही नव्हतं. आयगेनव्हॅल्यू काढायच्या, तीन बाय तीनचं मॅट्रिक्स, डिटरमिनंट दर वेळी वेगळा. नवरा म्हणाला एक बिअर घे आणि बस, इतकी ताठ का बसतेस. घेतली. आणि काय सांगू, पंधरा मिनिटांत खांदे सैल, कान गरम, चिन्हं जागच्या जागी. तिन्ही आयगेनव्हॅल्यू निघाल्या, त्यातली एक शून्य, म्हणजे डिटरमिनंटही शून्य. मी नवऱ्याला भाषण दिलं, थोडी चढली की मेंदू कसा मोकळा सुटतो वगैरे. तो ऐकून घेत होता, ऐकून घेत होता, मग बाटली फिरवून लेबल दाखवलं. अल्कोहोल ०.०.

डिटरमिनंट शून्य, बिअर शून्य. कान गरम झाले होते ते मात्र खरे.

रातकिडा

हसून हसून पुरेवाट. कान गरम!!

पोक्त_पेन्सिल

त्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा.

शंकासुर

मूड घालवतोय, माफी. "थोडी चढली की डोकं चालतं" यात अर्धं खरं आहे. २०१२ च्या एका प्रयोगात रक्तात ०.०७५ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेल्यांनी शब्दकोडी जास्त आणि लवकर सोडवली. पण ती तीन शब्दांना जोडणारा चौथा शब्द शोधा अशी, एकदम सुचणारी कोडी. त्याच लोकांची कामापुरतं डोक्यात धरून ठेवायची स्मृती मात्र घसरली. बाय पार्ट्सला तीच लागते, नाहीतर तिसऱ्या ओळीतलं वजा चिन्ह पाचव्या ओळीत पोचत नाही.

शिवाय ०.०७५ म्हणजे किती ते बघा. ३३० मिली, ५ टक्के, म्हणजे १६.५ मिली अल्कोहोल, वजनात १३ ग्रॅम. ७० किलोच्या पुरुषाला एका बाटलीनं ढोबळ ०.०२७. तिथं पोचायला जवळजवळ तीन बाटल्या भराभर लागतील. आणि उतरतं तासाला ०.०१५ च्या आसपास, सरळ रेषेत. रक्तात किती आहे त्यावर वेग ठरत नाही. म्हणून "सकाळपर्यंत उतरेल" हे तोंडी न सांगता भागाकार करून बघावं. गाडीला तर हातच लावू नये.

हातचा_एक

शंकासुरराव, मूड नाही गेला. माझं वजा चिन्ह कुठं हरवलं ते आज कळलं.

अर्ध्याचा_अर्धा

आम्ही चौघं, शेवटची एक बाटली, आणि डिफरन्शियल इक्वेशनचा गृहपाठ. एकानं अर्धी घेतली. दुसऱ्यानं उरलेल्याची अर्धी. तिसऱ्यानं त्याची अर्धी. मी चौथा. "मालिका आहे, बेरीज एकच होते" असं मला समजावण्यात आलं. माझ्या वाट्याला बाटलीचा सोळावा हिस्सा आणि बाकी फेस. (हिशोबानं माझ्यानंतर अजून एक सोळांश शिल्लक असायला हवा होता. तो कुणी प्यायला हे आजतागायत निघालेलं नाही.)

पण तो फेस बघता बघताच गणित सुटलं. ग्लासात सुरुवातीला भराभर बसतो, मग रेंगाळतो, शेवटचा थर संपता संपत नाही. जेवढा उरलाय त्याच्या प्रमाणात कमी होणं, गृहपाठातलं समीकरण तेच होतं. पुढे वाचलं, म्युनिकच्या आर्न्ड लाइके यांना २००२ साली इग नोबेल (गमतीदार संशोधनाचं बक्षीस) मिळालं ते नेमकं यासाठीच: बिअरचा फेस घातांकी नियमानं विरतो. आम्ही आधीच बघून बसलो होतो, पण आमच्याकडे मोजपट्टी नव्हती आणि तिघांची शुद्धही नव्हती.

शंकासुर

म्हणजे ग्लासातला फेस घातांकी उतरतो आणि पोटात गेलेली सरळ रेषेत. एकाच बाटलीत दोन समीकरणं! आवडलं.

गोगलगाय

अवांतर: कसरीसाठी वह्या उन्हात टाकाव्यात का? पानं ठिसूळ होतात म्हणतात.

चष्मिष्ट

फडकं मारून झालं. गोगलगायताई, थेट ऊन नको, सावलीत उघडून ठेवा. माझी वही आत्ता तशीच ठेवलीये, कारण वर सांगितलंच.

उतरलेला

सगळे हसताय, मिठाचा खडा टाकायचा नाहीये. पण विषय निघालाय तर लिहितो.

मला गणिताची भीती होती. एक बिअर घेतली की वही उघडायची हिंमत यायची, आणि खरंच सुटायचीही. मग असं झालं की बिअर नसेल तर वही उघडेना. मग दोन लागायला लागल्या. मग वही टेबलावर तशीच बंद, आणि बाटली तेवढी उघडायची. दोनदा परीक्षेला बसलो नाही. घरी सांगितलं पेपर बरा गेला.

सोडून नऊ वर्षं झाली. गणित परत घेतलं त्याला दोन. पहिल्या रात्री एक साधं वर्गसमीकरण सोडवताना लक्षात आलं, डावा हात आपोआप टेबलावर सरकत सरकत काहीतरी शोधतोय. बाटली असायची त्या जागी. आता तिथं पट्टी ठेवतो. हात जातो, पट्टी लागते, परत येतो. लाकडाची आहे, कड घासून गुळगुळीत झालीये.

नुसतीच_वाचक

पट्टीपाशी येऊन थांबले. लिहिलंत ते बरं केलंत.

पोक्त_पेन्सिल

दादा, नऊ वर्षांना दंडवत. आणि परत गणिताकडे आलात त्याला आणखी एक.

रातकिडा

+१. एरवी मी जोक टाकला असता.

उतरलेला

टाका हो, जोक चालतात. मीच वर कंसरावांच्या घोटांना हसलो.

वाट_चुकलेला

मग एक. रँडम वॉकचा गृहपाठ होता. पोल्या नावाच्या गणितज्ञानं १९२१ साली दाखवलं की सपाट जागेवर दिशाहीन भटकणारा झिंगलेला माणूस कधी ना कधी घरी पोचतोच, शक्यता एक. तिसरी मिती दिली, म्हणजे झिंगलेला पक्षी घेतला, की परत यायची शक्यता फक्त ३४ टक्क्यांच्या आसपास. मी दोन बाटल्यांनंतर हे सिद्ध करायला बसलो आणि मधेच मला त्या पक्ष्याचं इतकं वाईट वाटलं की पुढचं सुचेना. उत्तराच्या जागी "बिचारा" लिहून दिलं. सरांनी खाली लिहिलं: "सहमत. पण सिद्धता?"

कंस_पूर्ण

हे सर मला हवे होते.

चष्मिष्ट

वहीवरून आठवलं. तेव्हाच्या पोलंडमधल्या ल्वूफच्या स्कॉटिश कॅफेत बानाख हा गणितज्ञ आणि मंडळी संगमरवरी टेबलावरच पेन्सिलीनं गणितं लिहीत बसायची, प्यालेही चालूच. नंतर टेबल पुसलं की सगळं गेलं. शेवटी बानाखच्या बायकोनं जाड वही आणून दिली. त्यात १९३६ साली त्यांच्यातल्याच माझुरनं एक प्रश्न लिहिला, बक्षीस जिवंत हंस. १९७२ साली पेर एन्फ्लो या स्वीडिश गणितज्ञानं तो सोडवला आणि त्याला खरंच हंस दिला. मी मघाशी टेबल पुसणाऱ्या बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, वही मी आणून देते, हंस तू सांभाळायचास.

हातचा_एक

सगळ्यांचे वाचले, मजा आली. उतरलेला, तुमचं दोनदा वाचलं.

भाचीचं सांगायचं राहिलं. काल रात्री तिला सगळ्या पायऱ्या नीट लिहून फोटो पाठवला, खाली ऐटीत "डावीकडे ने, दोनानं भाग, झोप". पाच मिनिटांत उत्तर आलं: "मामा, शेवटच्या ओळीत साइन एक्सच्या आधी वजा कुठून आला? मी डेरिव्हेटिव्ह घेऊन तपासलं, अधिक पाहिजे."

आणि मी काल फक्त पाणी प्यायलो होतो.

शंकासुर

माझी आकडेमोड मागे घेतो.

गोगलगाय

हातचा_एक, ते शाईचं राहिलंच हो.

हातचा_एक

पेन्सिल होती, ताई.