ॲब्लेशनसाठी चुंबकीय थ्रीडी मॅपिंग घ्यावे का? (गोवा, खर्चाला मर्यादा)

फोंड्याची_ताई: धाकट्या बहिणीला (वय २९) एसव्हीटी आहे, म्हणजे हृदय मध्येच अचानक फार वेगाने धावते. बसल्या जागी नाडी १८०च्या वर जाते, मानेत धडधडते. डॉक्टरांच्या मते एव्हीएनआरटी, म्हणजे एव्ही नोडपाशी विजेचा संदेश गोल फिरत राहतो. ॲब्लेशनचे (हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन बिघाडाची जागा निकामी करणे) दोन पर्याय दिलेत: नेहमीचे, क्ष-किरणांवर बघून, नाहीतर चुंबकीय क्षेत्राने कॅथेटरचा माग काढणारे थ्रीडी. दुसरे बरेच महाग आहे. घरात तिघे, म्हणजे दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारची आरोग्य योजना) वर्षाला अडीच लाख. त्यापलीकडे जमणार नाही. कोणाचा अनुभव?

मडगावकर: पैशाकडे बघू नका, मुंबई गाठा. वंदे भारतने त्याच दिवशी पोचाल. मेव्हण्याचे थ्रीडीवर झाले, दुसऱ्या दिवशी माणूस चालत बाहेर आला. थ्रीडीशिवाय मी घरातल्या कोणाला हात लावू देणार नाही.

साखळीकर: चुंबकाजवळ नेऊच नका. आमच्या बाबांना पेसमेकर, म्हणून एमआरआयला सरळ नकार मिळाला होता.

कॅथलॅब_पर्वरी: साखळीकर, एमआरआयचा चुंबक सहसा दीड टेस्लाचा. इथे टेबलाखालच्या कॉइलचे क्षेत्र मायक्रोटेस्लांत (टेस्लाच्या दहा लाखाव्या भागांत) मोजतात, पृथ्वीच्या स्वतःच्या क्षेत्राच्या आसपास. कॅथेटरच्या टोकात बारीक वेटोळी असतात. त्यांत किती व्होल्टेज उमटते त्यावरून टोक कुठे आहे आणि तोंड कुठल्या दिशेला, हे संगणक काढतो. फरक पडलाच तर मिलिमीटरच्या आसपास. टोक भिंतीवरून फिरते तसा पडद्यावर हृदयाचा नकाशा भरत जातो आणि क्ष-किरण कमी लागतात. चुंबक कॅथेटरला ओढत नाही, ठावठिकाणा तेवढा सांगतो. जवळ लोखंड आले की आकडे बिघडतात, म्हणून त्या टेबलाशेजारी काय ठेवायचे यावर आम्ही फार काटेकोर असतो. पेसमेकर असेल तर आधी सांगायचेच, ते खरे.

केरीची_माई: माझ्या कोलोनोस्कोपीत नळी आत वळली, जीव नकोसा झाला. काही दुर्बिणींत म्हणे चुंबकाने वळसा पडद्यावर दिसतो. ताई, तेही विचारून घे.

कॅथलॅब_पर्वरी: माई, तिथे उलटे असते. नळीतल्या कॉइल क्षेत्र सोडतात आणि शेजारची तबकडी ते टिपते. हृदयाच्या कामाला ती उपयोगी नाही.

डिचोलीची_लेक: आमच्याकडे आधी एक आकडा सांगितला आणि डिस्चार्जच्या वेळी थ्रीडीसाठी अंगाला चिकटवायचे पॅच, सेन्सरचा कॅथेटर सगळे वेगळे लावले. अजून राग जात नाही. पॅकेजमध्ये काय काय येते ते लेखी घ्या. कॅथेटर नवा की निर्जंतुक करून पुन्हा वापरलेला, हेही विचारा. तरी थ्रीडीच करा. लहान आहे ती, पुढे मुले व्हायची आहेत, किरणे कशाला?

पेडणेकर: +१ थ्रीडी. लेखी घ्या.

मडगावकर: मी पहिल्यांदाच सांगितले, थ्रीडी आणि मुंबई.

ईपी_वाला: मेव्हण्यांना काय होते?

मडगावकर: एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे वरचे कप्पे अनियमित थरथरतात ते.

ईपी_वाला: मग तुलनाच चुकते. तिथे, किंवा जुन्या व्रणातून उठणाऱ्या लयीत, किंवा एकदा फसलेल्या ॲब्लेशननंतर नकाशा फार मोलाचा. एव्हीएनआरटीची जागा ठरलेली असते, उजव्या कर्णिकेत (वरच्या कप्प्यात) कोरोनरी सायनस या हृदयाच्या शिरेच्या तोंडाजवळ. साध्या पद्धतीनेही ९५ टक्क्यांहून जास्त यश मिळते. मुख्य भीती एव्ही नोड (वरून खालच्या कप्प्यांकडे संदेश नेणारी गाठ) दुखावून हार्ट ब्लॉक होण्याची, म्हणजे तो संदेश अडण्याची, शंभरात एखाद्याला किंवा त्याहून कमी. तिथे यंत्रापेक्षा हात सराईत हवा. डॉक्टरांनी अशा किती केल्या आहेत, ते निःसंकोच विचारा. किरणांचा मुद्दा मात्र खरा आहे. परवडत असेल तर मीही थ्रीडीच म्हणेन.

साखळीकर: आमच्या बाबांना तरी चुंबक चालला नाही.

फोंड्याची_ताई: सगळे वाचले, बहिणीलाही वाचून दाखवले. आम्ही साधेच करतोय, गोव्यातच. डॉक्टरांना किती केल्या ते विचारले, उत्तराने समाधान झाले. किरणांचा वेळ कमीत कमी ठेवू म्हणाले, आणि आधी गर्भधारणेची चाचणी करणार आहेत. थ्रीडीसाठी दागिने मोडायला तीच तयार नाही. मडगावकर, राग मानू नका. लेखी अंदाजपत्रक मागितले आहे. नाडीच्या गोळ्या कधीपासून बंद करायच्या, ते उद्या विचारते. देव बरें करूं.

मडगावकर: तरी मुंबईचा विचार करा.